रोडग्यांचा नवस आणि माझी संकटपेटी

माणूस हा सृष्टीतला एकमेव प्राणी आहे, जो संकट येण्याआधीच त्याच्याशी लढायची तयारी करतो. बाकीचे प्राणी संकट आलं की पळतात. हा विचार मी आमच्या सासूबाईंना, म्हणजे आनंदाबाईंना, ऐकवला तेव्हा त्या अंगणात बसून वांगी निवडत होत्या. एक किडकं वांगं बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "जवाईबापू, पळाच्यासाठी तयारी नाई लागत. तेच बरं नाई का मंग?"

मी विमा कंपनीत आहे. नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांचे दावे तपासण्यात गेली. त्यामुळे माणूस कशाकशाने जातो याची माहिती मला गरजेपेक्षा जास्त आहे. थ्रेशरने माणूस जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्टुलावर चढून कोळिष्टकं काढतानाही जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आमच्या देवळी गावातल्या घरातली कोळिष्टकं जागच्या जागी आहेत. रक्षा, म्हणजे माझी पत्नी, याला आळस म्हणते.

तर भीती हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण धंद्यातली भीती कचेरीत ठेवून घरी येता येतं. गेल्या वर्षी ती घरी आली.

रक्षा परसात कपडे वाळत घालत होती. दोरीच्या बांबूत गांधीलमाशीचं घर होतं. एक माशी दंडाला चावली. आनंदाबाई अल्लीपूरहून आमच्याकडे आलेल्याच होत्या. त्यांनी लगेच उपचार सुरू केले. चुना लावला, तुळशीची माती लावली, लोखंडाची किल्ली घासली, पुटपुटत काही मंत्र म्हटला, पिशवीतून स्वतःची दुखण्याची गोळी काढून दिली आणि वर चहा पाजला. थोड्याच वेळात रक्षाचे ओठ सुजले, डोळे मिटत गेले आणि श्वास आत ओढताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी उठून उभा राहतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गांधीलमाशी." सासूबाई म्हणाल्या, "गांधीलमाशी." शेजारचे बबनराव सोबत आले होते, तेही म्हणाले, "गांधीलमाशीच जी, म्या सोता पायली." एवढी एकमताची साक्ष आमच्या कंपनीत आली, तर आम्ही दावा संशयास्पद ठरवतो. डॉक्टरांनी मान्य केली. सुई टोचली आणि रक्षा परत आली. परत आली हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

निघताना डॉक्टरांनी मला ते औषध, सुई आणि शिकवण दिली. मधमाशी असो की गांधीलमाशी, पुन्हा चावली आणि श्वास लागला, तर मांडीत टोचायचं, लुगड्यावरून टोचलं तरी चालेल. "आणि वाट पाहत बसू नका," ते म्हणाले. "वेळ मिळणार नाही."

मी हे शिकत होतो, तेव्हा बाहेर व्हरांड्यात आनंदाबाई नवस बोलत होत्या. लेक वाचली तर झरीच्या महादेवाच्या दारात रोडग्यांचा स्वयंपाक करीन.

रोडगे म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: जाडसर कणकेचे, तेलाचे थर दिलेले गोळे गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप सोडायचं, आणि वांग्याची भाजी, वरण यांच्यासोबत इतके खायचे की देवालाच दया यावी. वाईट त्यात काहीच नाही. प्रश्न फक्त महादेवाच्या पत्त्याचा होता. झरीचा महादेव बोर धरणापलीकडे डोंगरात राहतो. शेवटच्या गावापुढे डांबर संपतं, मग मोबाइल संपतो. म्हणजे माशीच्या तडाख्यातून वाचली म्हणून देवाचे आभार मानायला रक्षाला थेट माश्यांच्या माहेरी न्यायचं होतं.

"गच्चीवर करू," मी सुचवलं.

"गच्चीवर महादेव येईन का तुमचा?" आनंदाबाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी?"

"नवस नाई फेडला, तं थो वसूल करते, जवाईबापू."

हे विम्याच्या माणसाला पटतं. हप्ता थकला की पॉलिसी बंद पडते, हे मीच लोकांना आयुष्यभर सांगत आलो आहे.

म्हणून मी प्रथमोपचाराची पेटी करायचं ठरवलं. माझ्या मनात एक लहान डबा होता. पण लहान डबा ही फार थोडा वेळ टिकणारी वस्तू आहे. त्याबद्दल शेजाऱ्यांना कळेपर्यंतच तो लहान असतो.

ताराचंदभाऊंचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी फक्त झाकणाचा डबा मागितला होता. "जंगलात जाऊन राह्यले अन् दोर नाई घेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भीती माशीची आहे. "माशीची भीती हाये म्हून साप सुट्टीवर जाईन का? अन् वाघ?" बोरच्या जंगलात वाघ आहे हे मी महिनाभर विसरायचा प्रयत्न करत होतो. दोर घेतला. टॉर्च, शिट्टी, हातमोजेही घेतले. एवढं मावेना, म्हणून लोखंडी ट्रंक घेतली. ताराचंदभाऊंनी तिला पांढरा रंग देऊन झाकणावर लाल फुली काढून दिली. ती इतकी मोठी होती की पेटी बघूनच माणसाला आपण आजारी असल्यासारखं वाटावं.

बबनरावांनी जंगलाची सूत्रं हाती घेतली. ते निवृत्त कंडक्टर. फार पूर्वी त्यांची बस जंगलातल्या रस्त्यावर पंक्चर झाली होती. त्या दुपारच्या बळावर ते आजतागायत आमच्या गल्लीचे वनतज्ज्ञ आहेत. "स्ट्रेचर पायजेच," ते म्हणाले. "माणूस पडला तं आनान कायच्यावर?" स्ट्रेचर त्यांनी कुठल्याशा मंडळाच्या गोदामातून आणलं. थंडीने माणूस गारठू नये म्हणून चंदेरी चकचकीत पांघरूण मी इंटरनेटवरून मागवलं. बर्फात अडकलेल्या गिर्यारोहकांसाठी ते असतं म्हणे. वर्धा जिल्ह्यात बर्फ रसवंतीतच सापडतो, पण भीतीला भूगोल नसतो.

कापूस, जाळीच्या पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्यांची कापडं, स्पिरिट हे सगळं आलं. दुखण्याच्या गोळ्या सासूबाईंच्या सल्ल्याने घेतल्या, त्यांना लागू पडतात त्याच. चार पट्ट्या. माशी चावली की आधी ठणका लागतो, म्हणून त्या सगळ्यात वर ठेवल्या.

उरला ऑक्सिजन. आमच्याकडे एक धर्मादाय मंडळ आहे, ते गरजूंना सिलिंडर वापरायला देतं. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "पेशंट कोन?"

"माझी पत्नी."

"का झालं त्यायले?"

"अजून काही नाही."

"मंग?"

"रविवारी होऊ शकतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "होनाऱ्या पेशंटले नाई देत जी आमी. झालेल्या पेशंटले देतो. झालं का या."

"झाल्यावर वेळ मिळणार नाही," मी डॉक्टरांच्या आवाजात म्हटलं.

"मंग आधी भरती करून घ्या."

मी अपमानित होऊन परतलो. माझा साळा मुकेश म्हणाला, "भाऊजी, तुमाले बोलताच येत नाई." तो आनंदाबाईंना घेऊन गेला. आनंदाबाई काउंटरवर फक्त खोकल्या. सिलिंडर घरी आला. सोबत काळजी घेण्याच्या सूचना आणि एक नारळसुद्धा होता.

आता सुई. रक्त तपासायला दिलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, तिथीसकट. असा माणूस बायकोच्या मांडीत सुई कशी टोचणार? म्हणून मी सराव सुरू केला. मोठं वांगं घ्यायचं, त्यावर रक्षाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायचा, रिकाम्या सुईत पाणी भरायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. शेवटची अट कठीण होती. एकदा रक्षा स्वयंपाकघरात आली आणि तिने हे पाहिलं.

"मी अशी दिसते तुमाले?" तिने विचारलं.

"आकारावर जाऊ नको. सराव आहे."

"सरावानं भाजी पाणचट होऊन राह्यली चार दिवसांपासून," ती म्हणाली. मग दारात थांबून हळूच म्हणाली, "हात नका कापू देऊ त्या वक्ती. बस."

तेव्हा मला कळलं की भीती मला एकट्यालाच वाटत नव्हती. तिची फक्त आवाज करत नव्हती.

रविवारी मुकेशच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही निघालो. मी पेटीवर बसलो. औषध भरलेली सुई स्टीलच्या डबीत घालून गळ्यात बांधली होती. रक्षाला मी पूर्ण बाह्यांचं पोलकं, मोजे आणि तोंडाला ओढणी बांधायला लावलं होतं. गजरा, अत्तर, पिवळा रंग यांना बंदी होती. "चावून मरण्यापेक्षा उकडून मरणं सोपं दिसते," ती ओढणीतून म्हणाली. धरण मागे पडलं. मोबाइलवरच्या रेघा एकेक करत उतरल्या. शेवटची गेली तेव्हा मी सगळ्यांकडे पाहिलं. बबनराव मुकेशला पंक्चरची गोष्ट सांगत होते.

झरीचा महादेव म्हणजे एक छोटं देऊळ, एक झरा आणि देवळावर ओणवलेलं अर्जुनाचं प्रचंड झाड. मी काठी घेऊन पाहणीला निघालो. झुडपं बडवली, फुलं दिसली ती उपटली, दगडाखाली पाहिलं, बिळांपुढे उभा राहून ऐकलं. जमिनीवरचा इंच न् इंच मी तपासला. वर पाहायचं मला सुचलं नाही.

परत आलो तर पेटी उघडी.

स्वयंपाकाला जमलेल्या बायांना तिच्यात, त्यांच्या मते, अगदी बरोबर वस्तू सापडल्या होत्या. कापसाच्या फुलवाती होऊन महादेवापुढे जळत होत्या. "लय पांढरा कापूस आनला बाप्पा जवाईनं," एक बाई कौतुकाने म्हणाली. स्पिरिट गोवऱ्यांवर शिंपडून आर पेटवला होता. जंतुविरहित पट्ट्यांनी रोडग्यांची राख पुसायचं काम चाललं होतं. स्ट्रेचर दोन दगडांवर ठेवून त्यावर भाजलेले रोडगे निवत ठेवले होते, अगदी आरामात पडलेल्या रुग्णांसारखे. चंदेरी पांघरुणाखाली वरणाचं पातेलं गरम राहत होतं. आणि मुकेश सिलिंडरची नळी घेऊन चुलीकडे चालला होता.

"फुकायले कायले त्रास घ्या, भाऊजी? थोडी हवा सोडतो."

ऑक्सिजन म्हणजे काय, हे त्याला सांगताना माझा आवाज डोंगरावरून परत आला. सिलिंडर मी झऱ्याच्या पलीकडे नेऊन झाडाला बांधला. दोर तिथे कामी आला. या मोहिमेत नेमलेलं काम केलेली ती एकमेव वस्तू.

तोवर पेटीपुढे रांग लागली होती. लाल फुली बघून खालच्या गावात बातमी गेली होती की देवळात आरोग्य शिबिर आलं आहे. नवसाच्या पंगतीला गावाने यायचंच असतं. ते गुडघे-कंबरही घेऊन आले. बबनराव उलट्या टोपल्यावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, माझ्या दुखण्याच्या गोळ्या वाटत होते.

"तुमाले का झालं?"

"गुडघा."

"घ्या. जेवून घेजा. तुमाले?"

"माह्या बैलाले ताप हाये."

"बैलाले जास्त लागतीन. उरल्या तं पाहू."

"बबनराव," मी म्हटलं, "या गोळ्या रक्षासाठी आहेत. आणि तुम्ही डॉक्टर नाही."

"पुन्य हाये, योगेंद्रभाऊ," ते म्हणाले. "अन् रक्षावैनीले तं काईच नाई झालं. ह्या लोकायले झालं हाये." धर्मादाय मंडळाचा नियम त्यांनी तोंडपाठ केला होता.

मी गोळ्या हिसकावणार, एवढ्यात गोवऱ्यांचा धूर दाट होऊन सरळ वर चढला. रांगेतला एक म्हातारा त्या धुरासोबत मान वर करत गेला आणि वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाला, "मोहोळ हाये न वर."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. अर्जुनाच्या फांदीला, अगदी चुलीच्या वर, सुपाएवढं काळं आग्या मोहोळ लोंबत होतं. ते स्थिर नव्हतं. वाऱ्याने गव्हाचं शेत हलावं तशी त्यावर लाट उठली. मग त्याचा खालचा भाग सुटला, आणि मिक्सर लागावा तसा आवाज आला.

"निजा! सारे निजा!" म्हातारा ओरडला.

"रोडगे उचला आधी!" आनंदाबाई ओरडल्या. आणि खरोखर दोघं जण स्ट्रेचर उचलून देवळात पळाले. त्या दिवशी स्ट्रेचरवरून सुरक्षित जागी हलवले गेले ते एवढेच.

मी वरणावरचं चंदेरी पांघरूण ओढलं, रक्षावर टाकलं आणि तिच्यावर आडवा पडलो. पांघरुणाला तुपाचा आणि हिंगाचा वास होता. मानेत एक चटका बसला. मग कानावर. मग पाठीवर कुणीतरी एकेक तापलेला खिळा ठोकत असल्यासारखं झालं. मी महादेवाला म्हटलं, नवस फेडायलाच आलोय, पावती तरी बघ. माझं काही का होईना, फक्त ती शिट्टी पुन्हा नको. तो श्वासाचा आवाज पुन्हा नको.

कुणीतरी चुलीवर घागरी ओतल्या. धूर विझला. आवाज वर गेला, विरळ झाला.

आणि पांघरुणाखालून रक्षा म्हणाली, "अवो. मले चावली. दोन जागी."

माझे हात तेव्हा कापले नाहीत, हे मी अभिमानाने सांगतो. ते नव्हतेच. माझ्या खांद्यापुढे काही आहे असं मला जाणवत नव्हतं. तरी डबी उघडली गेली, सुई बाहेर आली, टोपण निघालं. मी सुई तिच्या मांडीच्या वर धरली आणि श्वासाकडे पाहत बसलो. श्वास लागला तर द्यायचं. दूध उतू जायची वाट पाहावी तसे सगळे भोवती जमून तिच्याकडे पाहू लागले. रोडगेवालेही आले.

"ओठ सुजले का?" मी विचारलं.

"थे लहानपनापासून तसेच हायेत," मुकेश म्हणाला.

"श्वास? रक्षा, श्वास?"

"घेऊन राह्यली न. तुमी घ्या आता, निळे पडून राह्यले."

मी तिच्या गळ्याच्या खळगीकडे पाहत होतो. ती खाली जात होती, वर येत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती श्वास घेते याकडे मी असं लक्ष कधी दिलं नव्हतं. गेल्या वर्षी जेवढ्या वेळात ती जवळजवळ गेली होती, तेवढा वेळ गेला. मग तेवढाच आणखी गेला. आनंदाबाई देवळाकडे तोंड करून हात जोडून बसल्या होत्या. झऱ्याचं पाणी ऐकू येत होतं.

"सुई बाजूले करा तेवढी," रक्षा म्हणाली. "माशीपेक्षा तिचंच भेव लागून राह्यलं. अन् लय ठणकून राह्यलं. एक गोळी द्या न दुखाची."

गोळी! हे मी करू शकत होतो. मी धावत पेटीपाशी गेलो. सगळ्यात वरची जागा रिकामी होती. बबनरावांच्या पायाशी पट्ट्यांची चंदेरी सालपटं पडली होती.

"शेवटची आत्ताच देल्ली," ते म्हणाले. "थ्या बुढीले. कंबर धरून बसली होती."

यानंतर मी जे बोललो ते विमा कंपनीच्या अधिकाऱ्याला शोभणारं नव्हतं. सुजलेला कान, गळ्यात डबी, हातात उघडी सुई, अशा अवस्थेत मी साऱ्या गावासमोर बबनरावांना माझ्या बायकोच्या जिवावर उठलेला माणूस म्हणालो. मग त्या म्हातारीमागे धावलो. तिने गोळी गिळली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून "शंभर वर्सं जग, डाक्टर" असा आशीर्वाद दिला.

"आई, तुमच्या पिशवीत असेल ना एखादी?" मी आनंदाबाईंना विचारलं.

"होती न. पन म्या आपल्याबी तुमच्या पेटीतच टाकल्या. सारं येका जागी राह्यलं पायजे, तुमीच तं मनत होते."

मी एक रिकामी पट्टी खिशात घातली. बबनरावांविरुद्ध पुरावा म्हणून. रक्षाच्या हातावर चुना लावला. तिने तूप घालून चार रोडगे खाल्ले. मला एकही गेला नाही.

तिथून आम्ही तडक दवाखान्यात गेलो. तेच डॉक्टर होते. त्यांनी रक्षाला तपासलं, मग मला, मग पुन्हा रक्षाला.

"यांना आग्या माश्या चावल्या? आणि काहीच झालं नाही?"

"दोन जागी," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षी माशी चावल्यावर तुम्ही घरी काय काय दिलं होतं?"

मग आनंदाबाई म्हणाल्या, "चुना. तुयशीची माती. किल्ली घासली." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "अन् एक गोळी. माही. दुखाची."

"कोणती गोळी?"

मी खिशातला पुरावा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी पट्टी उलटी करून नाव वाचलं. "आज ही दिली होती का?"

"संपली होती," बबनराव खालच्या आवाजात म्हणाले. "माह्याचमुळं."

डॉक्टरांनी पट्टी हळूच खाली ठेवली आणि रक्षाला तपासणीसाठी नागपूरला पाठवलं. तिला माशीची अ‍ॅलर्जी नव्हती. या गोळीची होती.

पेटीत ती मी सगळ्यात वर ठेवली होती, लगेच हाताशी यावी म्हणून.